नग एक, सुस्थितीत

गोरेगावला, स्टुडिओच्या मागच्या गेटापासून
चौथा गाळा आमचा. शटर अर्धंच वर जातं, वाकून यावं लागतं.
आत सात नांगर. त्यांतले दोन फायबरचे,
उचलल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

रजिस्टर माझ्याकडं.
गाडीचं चाक, दिवसाला तीनशे.
मोट, चामडं फाटलेलं, दीडशे.
सूप, रोवळी, शिंकं एकत्र घेतलं तर शंभर.
जातं खालच्या फळीवर, सूप वरच्या,
दोन्हीही रिकामी,
त्यामुळं आमच्याकडं कुणी हसत नाही, कुणी रडत नाही.

लाखाणीशेठनं लेबलं छापून आणली तेव्हा
तिफणीच्या चाड्यावर चिकटलं : 'लाकडी वाटी, शोभेची'.
मी खोडून 'चाडं' लिहिलं.
शेठ म्हणाले, चाडं मागायला कोण येणार आहे?
खरंच होतं त्यांचं. वाटी म्हणून महिन्यातून दोन पार्ट्या व्हायच्या.
एकदा परत आलं ते पिस्त्यांच्या टरफलांसकट,
बियाण्याची तिन्ही भोकं एम-सीलनं बुजवलेली.
दाभणानं उकरत बसलो. दोन दुपारी गेल्या.
आता ते वाटी म्हणूनही जात नाही.

मंगळवारी मालिकेवाले आले. जातं पाहिजे, पण जड नको.
सगळे हेच म्हणतात.
टेम्पोत मी सोबत बसलो, कारण खुंटा हलत होता
आणि हरवला असता तर माझ्या पगारातून.

सेटवर भिंतींना शेणाच्या रंगाचा डिस्टेंपर.
ठकूबाई घुले, ज्युनिअर आर्टिस्ट, राहणार मालवणी,
मूळची ओतूरकडची. कपाळावर पेन्सिलीचं गोंदण.
बसल्या बसल्या तिनं खुंटा हलवून पाहिला,
मेकअपवाल्याकडून चिंधी मागितली,
गुंडाळून, वरवंट्याचे चार ठोके.
खुंटा हलवून बळकट करणं
मी आजवर फक्त शेठच्या मुनीमजीबद्दल ऐकलं होतं.

'मावशी, उलटं फिरवा. बांगड्या दिसू देत.'
'उलटं दळत नाही, बाबा.'
'दळायचं नाहीये. फिरवायचंय.'

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चलनाकडं पाहिलं.

परातीत वर बाजरी होती मूठभर, खाली थर्माकोल.
तिनं दाणे निवडून घेतले, वैरण घातली
आणि सुलट फिरवलं.
पहिला घास झटकून टाकला, दगडाची कच असते त्यात.
दुसऱ्यापासून पीठ पडायला लागलं,
राखाडी, कोमट.
लाइटवाला शिडीवरून खाली बघत राहिला.
साउंडवाल्यानं हेडफोन काढले :
'लय घरघर येतेय. आवाज नंतर टाकू. ओवी पण नंतर.'
ओवी ती म्हणतच नव्हती. तोंड मिटलेलं होतं.

मग उलटं. सात टेक.
रिकाम्या दगडावर दगड,
सगळ्या बांगड्या नीट दिसल्या.

पॅकअपनंतर तिनं पीठ पदराच्या टोकात गाठ मारून घेतलं.
भाकरीपुरतं नव्हतं. चिपटंसुद्धा नाही,
कोळव्याचा तळ जेमतेम झाकला असता.
मी विचारलं, एवढ्याचं काय करणार?
म्हणाली, 'आमच्या इमारतीखाली गिरणी आहे.
तिथलं पीठ गरम लागतं हाताला.
हे सुनेला दाखवते.'
आणि लुगडं परत द्यायला रांगेत उभी राहिली.
लुगड्याबरोबर गाठ सोडावी लागली.
चुरगळलेल्या कॉलशीटमध्ये बांधून नेलं मग.

रात्री लिहिलं : जातं, नग एक, सुस्थितीत परत.
शेऱ्यात लिहिलं, खुंटा घट्ट.
ब्रशनं साफ करताना माकडीखाली
दोन दाणे सापडले, अख्खे.
शेठ म्हणतात, धान्य राहिलं की उंदीर येतात.
येतातच.
मी ब्रश ठेवला आणि शटर ओढलं.